तिशी ओलांडली, जोडीदार नाही : तीन पत्रे आणि त्यांची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय वारंवार येतो आहे आणि त्यातल्या बहुतेक पत्रांच्या शेवटी ‘कृपया नाव छापू नये’ अशी विनंती असते. लग्न करण्याची इच्छा आहे पण ते जमत नाही, आणि लग्न नाही म्हणून शरीरसंबंधाचा अनुभवही नाही, असे सांगणारी ही माणसे शिकलेली, नोकरी करणारी, घर सांभाळणारी आहेत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली म्हणून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला होता, आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे वकील म्हणून उभे राहिले होते. आज असे प्रश्न छापण्याला कोणाची आडकाठी नाही, तरी विचारणाऱ्याचा संकोच मात्र फारसा कमी झालेला नाही. नागपुरातून आलेली तीन पत्रे, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

प्रश्न : डॉक्टर, सादर नमस्कार. माझे वय ३४ असून मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात मुली जवळजवळ नव्हत्या, आणि शॉपफ्लोअरवरही सगळे पुरुषच आहेत. बाबा लवकर गेले, त्यामुळे आधी दोन बहिणींची लग्ने, मग घराचे कर्ज, आणि त्यानंतर माझ्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली. कुणाला पुण्याची नोकरी हवी असते, कुणाला स्वतंत्र फ्लॅट, तर कुठे एक नाड निघते. आजवर कोणत्याही मुलीशी मी मोकळेपणाने दहा मिनिटेही बोललेलो नाही, मग पुढचे तर सोडाच. मित्रांची मुले शाळेत जातात आणि ते माझी थट्टा करतात. ‘बायकांना फक्त पैसा हवा असतो’ असे सांगणारे व्हिडिओ हल्ली मी पाहतो आणि ते पटू लागले आहेत. माझ्यातच काही खोट आहे का? आणि उद्या लग्न झालेच, तर पहिल्या रात्री मला जमेल का?

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे तुमच्याच पत्रात आहे. मुलांचाच भरणा असलेला वर्ग, पुरुषांचेच कामाचे ठिकाण, वडिलांच्या माघारी अंगावर पडलेले घर, बहिणींची लग्ने आणि कर्ज, यांपैकी एकही गोष्ट तुमच्या शरीराची किंवा स्वभावाची खोट नव्हे. या सगळ्यांनी मिळून तुमची विशी घेतली, आणि नेमक्या त्याच वर्षांत इतर मुले मुलींशी बोलायला, त्यांच्या आवडीनिवडी समजून घ्यायला आणि नकार पचवायला शिकत होती. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञ डेनिस डॉनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ८२ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. इच्छा असूनही ज्यांच्या आयुष्यात शरीरसंबंध नाही, अशी ती माणसे होती. त्यांच्या हकिगतींत लाजाळूपणा आणि स्वतःच्या शरीराविषयीचा न्यूनगंड होताच, पण राहण्याची अडचण आणि जेथे एकाच लिंगाची माणसे भेटतात अशा नोकऱ्या हीही कारणे होती. समवयस्कांच्या मानाने आपण मागे पडलो ही भावना एकदा मनात बसली, की माणूस पुढच्या संधीपासूनही आपणहून लांब राहतो आणि मग खरोखरच आणखी मागे पडतो, हे या अभ्यासातून दिसते. मित्रांची थट्टा तुम्हाला एवढी लागते ती याच जागी, आणि ती थट्टा थांबवा असे त्यांना सरळ सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

आपल्याकडे हा पेच अधिक घट्ट बसतो, कारण जवळीक, स्पर्श आणि शरीरसंबंध या सर्वांना समाजमान्य वाट लग्नाचीच आहे. लग्न लांबले की सगळेच एकदम लांबते. सायप्रसमधील निकोशिया विद्यापीठाचे मेनेलाओस अपोस्टोलू यांनी ‘तुम्ही एकटे का आहात’ या प्रश्नाला मिळालेल्या हजारो उत्तरांचा अभ्यास केला आहे. त्यांचे म्हणणे असे, की मानवी इतिहासात बराच काळ जोडीदार आईवडीलच ठरवीत आले, त्यामुळे स्वतः जोडीदार मिळवण्याचे कसब अनेकांच्या अंगी नसते, आणि ते स्वतःच मिळवावे लागते अशा समाजात ही माणसे एकटी पडतात. हा एक सिद्धान्त आहे, त्यावर मतभेद आहेत. पण तुमच्या पिढीची अवस्था समजून घ्यायला तो उपयोगी आहे, असे मला वाटते. घरच्यांनी ठरवावे आणि मुलीने मान खाली घालावी ही रीत आता मोडत चालली आहे आणि ती मोडलीच पाहिजे. मुलगी प्रश्न विचारते, नकार देते. मुलाला मात्र तिच्याशी बोलायला कोणी शिकवलेले नाही. नागपुरातल्या कोणत्याही उपवर-वधू परिचय मेळाव्यात हे दिसते. रविवारी सकाळी सभागृहात क्रमांक पुकारला जातो, मुलगा मंचावर जातो, माईक हातात घेऊन नाव, शिक्षण, उंची, पॅकेज आणि ‘अपेक्षा : घर सांभाळून नोकरी करणारी’ एवढे एका दमात म्हणतो आणि खाली उतरतो. वडील किंवा मामा त्याच्या वतीने खाली पुस्तिकेत खुणा करत असतात. त्या अर्ध्या-एक मिनिटात मुलगा कसा बोलतो, कशावर हसतो, आजारी आईची देखभाल कशी करतो, यातले काहीच कोणाला कळत नाही. कळतो तो पगाराचा आकडा, आणि मग निर्णय आकड्यावरच होतो.

संख्येची बाजूही नजरेआड करता येत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे २००१च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, आणि २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या. २००१ मध्ये मोजल्या गेलेल्या त्या मुली आज पंचविशी-तिशीत आहेत. मुलगी वयाने लहानच हवी या आग्रहामुळे तुमच्या वयाच्या पुरुषांची स्थळे याच मुलींकडे जातात, आणि त्या मुळातच कमी आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी करा ही त्यांची मागणी होती. अनेकांनी तो मोर्चा हसण्यावारी नेला. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. विदर्भात कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या घरांतील मुलांची स्थिती तुमच्याहून बिकट आहे, हे तुम्हीही पाहत असाल.

आता त्या व्हिडिओंविषयी. उत्पन्नाचा भाग खोटा नाही. जपानमधील राष्ट्रीय पाहण्यांच्या आधारे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ ते ३९ वयोगटातील शरीरसंबंधाचा अनुभव नसलेल्या पुरुषांचे प्रमाण १९९२ मधील २० टक्क्यांवरून २०१५ मध्ये २५.८ टक्क्यांवर गेल्याचे दिसले, आणि बेकारी, कंत्राटी किंवा अर्धवेळ नोकरी व कमी उत्पन्न यांचा पुरुषांच्या अननुभवाशी स्पष्ट संबंध आढळला. पण त्याच काळात स्त्रियांचे प्रमाणही २१.७ वरून २४.६ टक्क्यांवर गेले होते, हे असे व्हिडिओ सांगत नाहीत. लग्नानंतर नोकरी सुटेल, दुसऱ्या गावी जावे लागेल आणि हातात स्वतःचा पैसा राहणार नाही, हे जिला ठाऊक असते, ती नवऱ्याचा पगार विचारणारच. ज्या दिवशी तुम्ही ‘तुझी नोकरी चालू राहील आणि घरकाम मीही करीन’ असे बोलाल आणि ते खरे असेल, त्या दिवशी त्या आकड्याचे वजन थोडे तरी कमी होईल. हे व्हिडिओ बघणे बंद करा, असे मी आग्रहाने सांगते. त्यातून सल्ला मिळत नाही. मिळतो तो राग, आणि समोर बसलेल्या मुलीला तो तुमच्या चेहऱ्यावर दिसतो.

दुसरा प्रश्न शरीराचा. पहाटे लिंगाला ताठरता येत असेल आणि हस्तमैथुनाच्या वेळीही येत असेल, तर रक्तवाहिन्या, नसा आणि हार्मोन यांचे काम बहुधा व्यवस्थित चालू आहे. ताठरता येण्यासाठी शरीर निवांत असावे लागते. भीतीच्या वेळी अॅड्रेनालिन वाढते आणि ते नेमके उलटे काम करते. म्हणून पहिल्या काही वेळा न जमणे किंवा वीर्यपतन लवकर होणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि ती अनुभव असलेल्यांच्याही वाट्याला येते. पहिल्याच रात्री संबंध झाला पाहिजे असा कोणताही नियम नाही. हस्तमैथुनाने किंवा स्वप्नावस्थेने, म्हणजे झोपेत होणाऱ्या वीर्यपतनाने, ताकद जात नाही. बसस्थानकाच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती असतात, त्या चूर्णांच्या वाटेला जाऊ नका. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही औषधांत ताठरता आणणारे सिल्डेनाफिल हे औषध न सांगता मिसळलेले आढळलेले आहे, आणि हृदयविकाराची नायट्रेट गटातील औषधे घेणाऱ्या माणसाला ते जिवावर बेतू शकते. पहाटेचीही ताठरता नसेल, तर मात्र मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवून रक्तातील साखर आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तपासून घ्या.

करायचे काय, तर दोन गोष्टी. बायोडाटामधल्या अटी स्वतः पुन्हा वाचा. रास, नाडी, गण, मामेकुळ, उपजात, वयातले अंतर, ‘प्रथम वधू’ यातली प्रत्येक अट संख्या आणखी घटवते. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास निघाले होते, म्हणजे आपण सगळे आधीच फार लहान वर्तुळात शोधत असतो. घटस्फोटित किंवा विधवा स्त्री, तुमच्या वयाची किंवा तुमच्याहून मोठी स्त्री, दुसऱ्या जातीतील स्त्री, यांना तुमचा स्वतःचा नकार आहे की आईचा, हे आधी ठरवा. दुसरे असे, की जेथे स्त्री-पुरुष एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा भेटतात अशा ठिकाणी जा : विदर्भ साहित्य संघाचे कार्यक्रम असोत, अंबाझरीच्या काठी सकाळी पळणाऱ्यांचा गट असो, किंवा रक्तदान शिबिराचे काम असो. तिथे बायको शोधायला जाऊ नका. एखाद्या बाईशी घाम न फुटता बोलता येणे एवढेच तिथले काम आहे, आणि ते सवयीने येते.

प्रश्न : मी ३८ वर्षांची, कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षिका. धरमपेठेत अर्धांगवायू झालेल्या आईसोबत राहते. विशीत रंगावरून नकार आले, नंतर एम.एस्सी., बी.एड. झाल्यावर ‘मुलगी फार शिकलेली आहे’ म्हणून, आणि आता वयावरून. बाईला कोणीही मिळतो, हिनेच नखरे केले असतील, असे लोक बोलतात. मध्यंतरी पोटात दुखत होते म्हणून सोनोग्राफीला गेले, तर काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांदेखत ‘मॅरिड की अनमॅरिड’ असे मोठ्याने विचारले. संबंध कधीच न आल्याने शरीरावर काही वाईट परिणाम होतो का? आणि कधी जोडीदार मिळालाच, तर या वयात पहिल्यांदा काही त्रास होईल का?

उत्तर : तुमच्या आणि आधीच्या पत्रातील तरुणाच्या अडचणीचे मूळ एकच आहे. नवरा वयाने, शिक्षणाने, पगाराने बायकोपेक्षा वरचढ असावा, ही आपल्या स्थळे जुळवण्याची रीत आहे. या रीतीने एका टोकाला कमी कमावणारे पुरुष उरतात आणि दुसऱ्या टोकाला जास्त शिकलेल्या स्त्रिया. दोघेही एकाच शहरात राहतात, पण एकमेकांच्या यादीत कधी येत नाहीत. त्यात तुमच्यावर गोऱ्या रंगाच्या हट्टाने अन्याय केला, आणि नंतर आईची शुश्रूषा तुमच्याकडे आली. घरात भाऊ असतील तर त्यांनी आठवड्यातला एक दिवस आईजवळ थांबावे, हे मागायला अवघडू नका. मुलीचे लग्न झाले नाही म्हणजे तिचा सगळा वेळ घराचाच, हा हिशेब चुकीचा आहे. बाईला कोणीही मिळतो, हे तर साफ खोटे. ब्रिटनमधील सुमारे ४ लाख प्रौढांच्या माहितीवर आधारित एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ ते ७३ वयाच्या या लोकांत सुमारे १ टक्का व्यक्तींना शरीरसंबंधाचा अनुभव आयुष्यात कधीच आलेला नव्हता आणि त्यांत स्त्रियाही होत्या, पुरुषही होते. ही माणसे सरासरीने अधिक शिकलेली आणि दारू-तंबाखू कमी घेणारी होती, तशीच अधिक एकाकी आणि खिन्नही होती. त्या एकाकीपणाची मला अधिक काळजी वाटते. त्यावरचा उपाय नवऱ्याची वाट पाहत बसण्यात नाही, म्हणून मैत्रिणींच्या गाठीभेटी आणि आवडीचे काम यांसाठी वेळ राखून ठेवा.

संबंध न आल्याने कोणताही आजार होत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, त्यामुळे तुम्हाला तो धोका फार कमी आहे. ज्यांना मूल झालेले नाही त्यांना स्तनांच्या कर्करोगाचा धोका मात्र थोडा अधिक असतो, म्हणून चाळिशीनंतर स्तनांची तपासणी चुकवू नका. काउंटरवरचा तो प्रश्न खरे तर योनीमार्गातून सोनोग्राफी करता येईल का, हे ठरवण्यासाठी असतो. तो लग्नाच्या नावाने आणि चारचौघांत विचारला जावा, ही चूक त्या केंद्राची आहे. ‘मला संबंधाचा अनुभव नाही, तपासणी पोटावरून करा’ असे तुम्ही आत डॉक्टरांना सांगू शकता. कौमार्य तपासून ओळखता येते, ही समजूतही सोडून द्या. योनिपटल व्यक्तीगणिक वेगळे असते आणि त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हा अशास्त्रीय भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून वगळावा म्हणून पाठपुरावा केला, आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये तो वगळला.

पहिल्या वेळचा त्रास वयावर फारसा अवलंबून नसतो. भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि मग दुखते. घाई न करणे आणि औषधाच्या दुकानात मिळणारे वंगण वापरणे एवढ्याने पुष्कळदा भागते. रक्त आलेच पाहिजे असे नाही. स्नायू इतके आवळले जात असतील की संबंध शक्यच होत नाही, तर त्या अवस्थेवर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे चांगले उपचार आहेत.

प्रश्न : माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे. घरूनच संगणकाचे काम करतो. लहानपणापासून बुजरा आहे, पाहुणे आले की खोलीचे दार लावून घेतो. मुलीचा विषय काढला की चिडतो किंवा गप्प होतो. त्याचे वडील म्हणतात, लग्न करून द्या, आपोआप सुधारेल. पुढच्या महिन्यात एका मुलीकडे पाहण्याचा कार्यक्रम ठरला आहे. मी काय करावे?

उत्तर : ताई, लग्न हे औषध नाही, आणि त्या औषधाची किंमत दुसऱ्याच घरची मुलगी मोजते. तुमच्या मुलाचे गप्प राहणे कशामुळे आहे, हे आधी कळले पाहिजे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या गप्पपणाची कारणे अगदी वेगवेगळी असू शकतात.

तुमच्या वर्णनावरून पहिली शंका सामाजिक भयगंडाची येते. चारचौघांत आपले हसे होईल ही भीती बहुतेकांत किशोरवयात सुरू होते, आणि ‘स्वभावच तसा’ म्हणून वर्षानुवर्षे उपचाराविना राहते. अशा मुलाला जोडीदार हवा असतो, पण पहिला शब्द काढणेच अशक्य वाटते. विचार आणि वर्तन बदलण्याची मानसोपचार पद्धत आणि काही वेळा औषधे यांनी यात चांगला फरक पडतो. काही मुलांत सौम्य स्वमग्नता (ऑटिझम) असते आणि ती मोठेपणीच लक्षात येते. क्वचित कारण शरीरात असते. सुमारे ६०० पुरुषांत एकाला असणाऱ्या क्लाइनफेल्टर या अवस्थेत एक गुणसूत्र जास्त असते, दाढीमिशी विरळ राहते, टेस्टोस्टेरॉन कमी पडते, आणि त्याचे निदान अनेकदा लग्नानंतर मूल होत नाही तेव्हाच होते. तारुण्याची लक्षणे त्याला उशिरा आली असतील किंवा अपुरी असतील, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाला, दाखवा.

आणखी दोन शक्यता आहेत आणि त्यांना उपचार नकोत, कारण ते आजार नव्हेत. त्याला पुरुषांविषयी आकर्षण वाटत असेल. ६ सप्टेंबर २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून समलैंगिक संबंध हा गुन्हा राहिलेला नाही, आणि नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था समलैंगिक समुदायासोबत काम करते. किंवा त्याला कोणाहीविषयी लैंगिक ओढ वाटत नसेल. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील १८,००० लोकांच्या माहितीच्या अभ्यासात असे सांगणारे सुमारे १ टक्का लोक होते. असे असेल तर जोडीदार मिळत नाही म्हणून तो एकटा आहे असे नाही, कदाचित त्याला तसेच राहणे पसंत असेल. त्याची आणि इतरांची परिस्थिती एकाच मापाने मोजता येणार नाही.

यातले नेमके काय आहे, हे तुम्ही विचारून त्याच्याकडून वदवून घेऊ शकणार नाही, आणि वडिलांनी तर तसा प्रयत्नही करू नये. त्याला एवढेच सांगा, की तुझे उत्तर काहीही असले तरी घर तुझेच आहे आणि तुझ्या मनाविरुद्ध लग्न होणार नाही. मग टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्याजवळ ठेवा. हा फोन विनामूल्य आहे, कोणत्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येते आणि समोर कोणी बसलेले नसते. बुजऱ्या माणसाला पहिले पाऊल म्हणून हे सोपे जाते. त्याने मान्य केले तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, पण खोलीत त्याला एकट्याला बोलू द्या. पुढच्या महिन्याचा पाहण्याचा कार्यक्रम मात्र आजच रद्द करा. मुलीकडच्यांना फोन तुम्ही स्वतः करा, आणि पत्रिकेचे किंवा तब्येतीचे निमित्त न सांगता मुलगा अजून लग्नाला तयार नाही, एवढेच स्पष्ट सांगा.